औषधांच्या डब्याचा हिशेब

२०२४ च्या दिवाळीत भाऊबीजेसाठी मी लेकीला घेऊन माहेरी, वाईजवळच्या आमच्या गावी गेले होते. पहाटे पाचला आईने मला हलवून उठवले. आबा पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते. छातीत धडधड होत होती आणि घाम फुटला होता. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे कोणीही वेळ घालवला नाही. साताऱ्याला पोहोचलो, हृदयालेख काढला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, एक रात्र देखरेखीखाली गेली. सुदैवाने झटका नव्हता. डॉक्टरांनी रोजच्या औषधांची यादी मागितली आणि एकेक नाव वाचत विचारले, “यातली कुठली गोळी चुकली का?” आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती सकाळची धनत्रयोदशीलाच संपली होती. सणात कशाला धावाधाव करायची, म्हणून बोललो नाही.”

ती सकाळची म्हणजे मेटोप्रोलॉल. हृदयाची गती आणि त्यावरचा ताण कमी ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातले हे औषध. ते दीर्घकाळ घेतले की शरीर त्या लगामाला सरावते आणि लगाम एकाएकी सुटला तर हृदय पूर्वीपेक्षाही जोरात धावू लागते. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजार आहे, अशांना यातून छातीत दुखू शकते आणि क्वचित झटकाही येऊ शकतो. म्हणूनच हे औषध थांबवायचे झाले, तरी डॉक्टर ते हळूहळू कमी करत नेतात. आबांनी ते चार दिवसांत पूर्ण बंद केले होते. तेही न ठरवता, केवळ डबा रिकामा झाला म्हणून.

घरातल्या औषधांचा हिशेब वरवर पाहता सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो फसवा असतो. एका गोळीची स्ट्रिप १० ची, अॅस्पिरिनची १४ ची, कोलेस्टेरॉलवरच्या गोळीची १५ ची. सगळ्यांच्या दोन-दोन स्ट्रिप एकाच दिवशी आणल्या, तरी पहिली वीस दिवसांत संपते, दुसरी अठ्ठावीस आणि तिसरी तीस दिवसांत. दुसऱ्या महिन्यात हे अंतर आणखी वाढते. थायरॉइडची गोळी तर शंभर-सव्वाशेच्या बाटलीत येते, त्यामुळे ती कधी संपेल याचा अंदाज कोणालाच नसतो. आमच्या घरी आबा, आई आणि आत्या या तिघांची मिळून तेरा औषधे होती. तेरा वेगवेगळ्या तारखा डोक्यात ठेवणे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शक्य नव्हते, आणि पुण्यात बसून फोनवर “औषधे आहेत ना?” असे विचारणाऱ्या मुलीलाही. या प्रश्नाला आबांचे उत्तर नेहमी एकच असे : “आहेत, आहेत.”

माझी लेक तेव्हा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. साताऱ्याहून परतल्यावर तिने आबांची सगळी औषधे चटईवर मांडली आणि एका वहीत लिहून काढली. नाताळच्या सुट्टीत ती वही घेऊन तिने जे रचले, त्याची ही हकिकत आहे. ते फार हुशारीचे काम होते असा तिचाही दावा नाही. तिच्या शब्दांत सांगायचे तर “पन्नास-साठ ओळींचा प्रोग्राम आणि एक फाइल.” पण त्या फाइलने सव्वा वर्षात आमच्या घरातल्या तीन गोष्टी उघड केल्या, आणि त्यातली एकही आम्हाला अपेक्षित नव्हती.

आधी त्या फाइलविषयी. ती एक्सएमएल पद्धतीने लिहिलेली आहे. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर त्याचे नाव सांगणारी खूण लावायची, ही ती पद्धत. या खुणेला टॅग म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने फेब्रुवारी १९९८ मध्ये ही पद्धत प्रमाण म्हणून जाहीर केली. आज तरुण मंडळींना ती जरा जुनाट वाटते म्हणे, पण वैद्यकीय नोंदींच्या जगात ती ठाण मांडून आहे. अमेरिकेत डॉक्टरांच्या संगणकावरून औषधाच्या दुकानाकडे जाणारी चिठ्ठी स्क्रिप्ट नावाच्या मानकानुसार जाते आणि तिचा मजकूर एक्सएमएलमध्येच असतो. त्या मानकात पुन्हा औषध मागण्याचा एक स्वतंत्र संदेश आहे. दुकानाने तो पाठवला की डॉक्टर मान्यता देतात, नकार देतात किंवा बदल करून मान्यता देतात. यातला ‘नकार’ हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लेकीने एक्सएमएल निवडले त्याचे कारण मात्र अमेरिका नव्हते. या पद्धतीत टॅगची नावे आपली आपण ठरवता येतात आणि ती देवनागरीतही चालतात. आबांना वाचता येईल अशी फाइल तिला हवी होती. त्यातली पहिली नोंद अशी होती :

<औषध>
<कोणाचे>आबा</कोणाचे>
<नाव>मेटोप्रोलॉल सक्सिनेट</नाव>
<पॉवर>५० मिलिग्रॅम</पॉवर>
<दररोज>१</दररोज>
<मोजले>२२</मोजले>
<मोजल्याचा_दिवस>०५-०१-२०२५</मोजल्याचा_दिवस>
</औषध>

‘पॉवर’ हा शब्द आबांचा. मात्रा, सामर्थ्य, तीव्रता असे पर्याय मी सुचवले होते; पण दुकानात माणूस “पन्नास पॉवरची द्या” असेच म्हणतो, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

आता ही फाइल संगणकाने वाचायची कशी? शाळेत आपण वाक्यपृथक्करण करत असू. वाक्य दिले की उद्देश्य, विधेय, कर्म, क्रियापद वेगळे काढायचे. इथेही तेच घडते आणि त्याला पार्सिंग म्हणतात. पायथन या संगणकभाषेत ते करणारी सामग्री तयारच मिळते. ती फाइल उघडते, प्रत्येक ‘औषध’ शोधते आणि त्याच्या पोटातले नाव, संख्या, तारीख वेगळे करून हाती देते. देवनागरी अंकही पायथन संख्या म्हणून स्वीकारते, हे पाहून मला गंमत वाटली. पुढचा हिशेब तिसरीतल्या मुलाचा. पाच जानेवारीला २२ गोळ्या मोजल्या, रोज एक जाते. म्हणजे वीस जानेवारीला सात उरल्या. आठवड्याचा साठा उरला की त्या औषधाचे नाव यादीत येते. यादी रविवारी सकाळी लेकीच्या संगणकावर तयार होते आणि ती आबांना फोनवर वाचून दाखवते. सातच दिवस का, तर सण, जोडून आलेली सुट्टी, दुकानात माल नसणे आणि पावसात एसटी न येणे हे सारे त्यात मावते.

या पद्धतीचा कडकपणा मला सुरुवातीला जाचक वाटला होता. एखादा टॅग उघडून बंद करायचा राहिला, तर प्रोग्राम अख्खी फाइल नाकारतो. पण औषधांच्या बाबतीत तेच बरे. कमी-जास्त समजून घेऊन चुकीचा आकडा सांगण्यापेक्षा “सतराव्या ओळीत गडबड आहे” म्हणून थांबणारा मदतनीस अधिक विश्वासाचा. मात्र टॅग नीट बंद आहेत आणि एखादी माहिती लिहायचीच राहिली आहे, हे पार्सिंगला कळत नाही. त्यासाठी लेकीला वेगळी तपासणी लिहावी लागली. ‘मोजले’ ही ओळ नसेल तर शून्य धरू नको, ओरड, अशी.

पहिला धक्का आत्याच्या नोंदीने दिला. आत्याला संधिवात आहे आणि ती मेथोट्रेक्सेट घेते. लेकीने वहीतून उतरवताना दररोज ३ असे लिहिले, कारण टॅगच ‘दररोज’ असा होता. दुसरे काही लिहायला जागाच नव्हती. डब्यात १२ गोळ्या होत्या. प्रोग्रामने सांगितले, चार दिवसांत औषध संपेल. आत्या फोनवर हसली, “अगं, महिनाभराच्या आहेत त्या. मी फक्त रविवारी घेते.” आम्ही मात्र हसू शकलो नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती खालावते, तोंडात व्रण पडतात, जंतुसंसर्ग होतो आणि प्राणावरही बेतू शकते. जगभर नोंदल्या गेलेल्या औषधचुकांतली ही एक कुप्रसिद्ध चूक आहे. आमच्या फाइलमध्ये ती आकड्यांपुरतीच होती, आणि आत्याला आपले औषध पक्के ठाऊक होते. पण उद्या आत्या आजारी पडली असती आणि दुसऱ्या कोणी ती यादी पाहून तिला गोळ्या दिल्या असत्या तर?

त्या रात्री ‘दररोज’ हा टॅग काढला गेला. त्याच्या जागी तीन आले : ‘एका_वेळी’, ‘दिवसातून’ आणि ‘दर_किती_दिवसांनी’. मेथोट्रेक्सेटची नोंद तीन, एकदा, सात अशी झाली आणि १२ गोळ्या बरोबर अठ्ठावीस दिवसांवर आल्या. अर्ध्या गोळीसाठी ०.५ लिहायचे ठरले. ‘अर्धी’ असे लिहिले की प्रोग्राम अडतो. नावातही दुरुस्ती झाली. मेटोप्रोलॉल दोन क्षारांत मिळते : सक्सिनेट हे हळूहळू सुटणारे, सहसा दिवसातून एकदा घेण्याचे, टार्ट्रेट हे लवकर सुटणारे, बहुधा दोनदा घेण्याचे. स्ट्रिपवरची पुढची बारीक अक्षरे सोडून नुसते ‘मेटोप्रोलॉल’ लिहिणे म्हणजे अर्धे नाव लिहिणे.

मधुमेही घरांसाठी इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण इन्सुलिनचा हिशेब गोळ्यांसारखा नसतो. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन पुष्कळदा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनमधले १०० युनिटचे. दहा मिलिलिटरच्या कुपीत म्हणजे ४०० युनिट, तर पेनच्या तीन मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३००. पेन वापरताना दर वेळी सुई तपासण्यासाठी दोनेक युनिट बाहेर सोडावी लागतात. रोज दोनदा टोचणाऱ्याची महिन्याला शंभराहून अधिक युनिट त्यातच जातात. शिवाय उघडलेले इन्सुलिन साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असते, आत कितीही उरले तरी (नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी). म्हणून तिथे दोन तारखा काढाव्या लागतात आणि त्यातली आधीची धरावी लागते. डोळ्यांच्या थेंबांनाही उघडल्यानंतरची अशी मुदत असते. आबांची जिभेखाली ठेवायची गोळी याउलट. ती रोज लागत नाही, पण असायलाच हवी. तिच्यासाठी शिल्लक मोजायची नाही, फक्त बाद होण्याची तारीख पाहायची.

दुसरी गोष्ट उघड झाली ती मोजणीमुळे. प्रोग्राम जे सांगतो तो अंदाज असतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा उघडून गोळ्या खरोखर मोजायच्या, असा नियम आबांनीच घालून दिला. निवृत्त पोस्टमास्तरांचे ते. रोकड आणि वही जुळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मार्चमध्ये सगळे जुळले, फक्त आईची एक गोळी जुळेना. फाइलप्रमाणे नऊ उरायला हव्या होत्या, डब्यात सतरा होत्या. लेकीला वाटले प्रोग्राम चुकला. एप्रिलमध्ये पुन्हा तेच, सात जास्त. ती पायांवरची सूज उतरवणारी, लघवीला लावणारी गोळी होती.

मी आईला विचारले. तिने आधी उडवून लावले. मग स्वयंपाकघरात, आबा ऐकत नाहीत असे पाहून म्हणाली, “सोमवारी आणि गुरुवारी देवळात जायचं असतं. कधी बँकेत, कधी वाईला बाजारात. ती गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं. बायकांनी कुठं जायचं गं?” दोन वर्षे ती असे करत होती. पायांवर सूज आली की डॉक्टर गोळीची पॉवर वाढवण्याचा विचार करत, आणि ती मान डोलावून परत येई. एकाही भेटीत हा प्रश्न तिला विचारला गेला नव्हता आणि तिनेही आपणहून सांगितला नव्हता. पुढच्या भेटीला मी सोबत गेले आणि सतरा गोळ्यांची गोष्ट सांगितली. डॉक्टर क्षणभर थांबले. मात्रा त्यांनी वाढवली नाही. बाहेर जायच्या दिवशी गोळी परतल्यावर, दुपारी घ्यायची, संध्याकाळनंतर मात्र नको, एवढेच लिहून दिले. सूज दोन महिन्यांत उतरली. (ही मुभा त्यांनी आईची प्रकृती पाहून दिली, वाचकांनी आपल्या औषधाची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी.) औषध का घेतले जात नाही, हे कोणताही प्रोग्राम सांगू शकत नाही. पण आठ गोळ्या जास्त आहेत हे त्याच्यामुळे दिसले, म्हणून मी आईला विचारले.

तिसरी गोष्ट आमच्या समाधानाला तडा देणारी होती. वर्षभर एकही औषध संपले नव्हते. रविवारची यादी यायची, आबा ती घेऊन दुकानात जायचे, दुकानदार ओळखीचे, औषधे घरी यायची. २०२५ च्या नोव्हेंबरात आईला फार थकवा जाणवू लागला, थंडी सोसेना. थायरॉइडची तपासणी केली तर टीएसएच बराच वाढलेला. आधीची तपासणी कधीची, म्हणून कागद काढले : ऑगस्ट २०२४. मात्रा स्थिर असताना ही तपासणी साधारण वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. मात्रा बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा महिने आम्ही तिला तीच गोळी न चुकता आणून देत होतो आणि आपण किती व्यवस्थित आहोत, या आनंदात होतो.

पूर्वी औषध संपले, चिठ्ठी सापडली नाही की डॉक्टरांकडे जावे लागे आणि त्या निमित्ताने तपासणी होई. आम्ही ती अडचण दूर केली आणि तिच्यासोबत ते निमित्तही. खरे तर कायद्याने हे निमित्त जपलेले आहे. १९४५ च्या औषध नियमांतील ६५ व्या नियमानुसार, चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर तिच्यावर एकापेक्षा जास्त वेळा औषध देता येत नाही. किती वेळा किंवा किती अंतराने द्यायचे हे लिहिलेले असेल, तर तेवढेच. दिल्यावर विक्रेत्याने आपले नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची असते. लिहिलेल्या औषधाऐवजी परस्पर दुसरे देण्याचीही त्याला सामान्यतः मुभा नाही. व्यवहारात जुन्या चिठ्ठीवर, किंवा रिकामी स्ट्रिप दाखवून वर्षानुवर्षे औषधे घेतली जातात, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. आम्हीही त्यातलेच होतो. फक्त आम्ही ते संगणकाच्या साहाय्याने करत होतो.

मग फाइलमध्ये आणखी तीन टॅग आले : ‘चिठ्ठीची_तारीख’, ‘चिठ्ठी_कधीपर्यंत’ आणि ‘पुढची_तपासणी’. यातली शेवटची तारीख डॉक्टरांना विचारून लिहायची. आपण ठरवायची नाही. ती उलटली की यादीत औषधाच्या नावापुढे ‘आणा’ ऐवजी ‘आधी डॉक्टर’ असे येते. अमेरिकेतल्या त्या संदेशात डॉक्टरांना नकार देण्याची जी सोय आहे, तिची ही घरगुती आवृत्ती म्हणता येईल. तरीही औषध मध्येच तुटू नये म्हणून ही सूचना आठवडाभर नव्हे, महिनाभर आधी मिळते. भाऊबीजेची पहाट आम्ही विसरलेलो नाही.

ज्या घरात कोणाला प्रोग्राम लिहिता येत नाही, त्यांनी हिरमुसू नये. हाच हिशेब रुळांच्या वहीत होतो. रकाने तेवढे हेच ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा गोळ्या हाताने मोजाव्यात. ज्यांना फाइल करायची आहे, त्यांनी ती घरच्याच संगणकावर ठेवावी. कोणती औषधे चालू आहेत यावरून माणसाचे आजार कळतात, त्यात मनाचे आजारही आले. ती यादी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याजोगी नसते. आणि बाहेरून आलेली एक्सएमएल फाइल आपल्या प्रोग्रामला सरसकट खायला देऊ नये. चार-सहा ओळींचीच, पण उघडताच संगणकाची सारी स्मृती गिळणारी फाइल मुद्दाम रचता येते, असे लेक सांगते.

गेल्या रविवारच्या यादीत तीन नावे होती. आबांची अॅस्पिरिन, आत्याचे फॉलिक अॅसिड आणि आईची थायरॉइडची गोळी. तिच्यापुढे ‘आधी डॉक्टर’ असे होते. नवीन मात्रा सुरू होऊन सात आठवडे झाले आहेत. लेकीने यादी वाचून संपवली तेव्हा आबांनी तिला थांबवले. “मेटोप्रोलॉल वाचलं नाहीस.” तिने पाहिले, सोळा शिल्लक होत्या. “मीही सोळाच मोजल्यात,” ते म्हणाले, “पण तू वाच.” तिने वाचले.